अठरा सेकंद

"मावशी, हे उठणार कधी?"

माझी भाची दहा वर्षांची आहे. पुण्यात रोलर स्केटिंगच्या क्लासला जाते, त्यामुळे पायाला चाकं किंवा पाती लावून जे काही करता येतं ते सगळं आपल्याला कळतं, अशी तिची खात्री आहे. रविवारची जेवणं उरकल्यावर मी तिला लॅपटॉपवर १९८४ सालचं एक जुनं चित्रण दाखवत होते. बर्फाचं पांढरंशुभ्र मैदान, त्याच्या मधोमध गुडघे टेकून बसलेले एक बाई आणि एक पुरुष. समोरासमोर, श्वासाला श्वास लागेल इतके जवळ. दोघांच्या अंगावर जांभळ्या छटांचे झुळझुळीत कपडे. लांबून कुठूनतरी आल्यासारखा ड्रमचा ठेका ऐकू येतोय आणि दोघांची कमरेपासून वरची शरीरं वाऱ्यातल्या पिकासारखी डुलताहेत. पाय मात्र जागचे हलत नाहीत.

माझ्या हातात मोबाइलवरचं स्टॉपवॉच चालू होतं. "थांब, अजून आठ सेकंद," मी म्हणाले.

"आमच्या सरांनी बघितलं असतं ना, तर म्हणाले असते, स्केटिंगला आलात की पूजेला?"

तेवढ्यात ती बाई वळली, उठली, तिच्या बुटाचं पातं बर्फाला लागलं आणि दोघं वाहू लागली. मी घड्याळ थांबवलं. १८ सेकंदांच्या आसपास.

बाई म्हणजे जेन टॉर्व्हिल, पुरुष म्हणजे ख्रिस्तोफर डीन. सारायेव्होचं ऑलिंपिक, १४ फेब्रुवारी १९८४, संगीत मोरिस राव्हेलचं 'बोलेरो'. आइस डान्स या खेळातला सगळ्यात गाजलेला नाच. तो बसवला होता डीन यांनी, टॉर्व्हिल यांना सोबत घेऊन. सुरुवातीची ती बैठक पाहून कुणालाही वाटेल की प्रेमिकांची आर्तता दाखवण्यासाठी ती योजली असणार. ती योजली होती घड्याळाला चकवण्यासाठी.

घड्याळ आणि राव्हेल

मुक्त नृत्याचा, म्हणजे फ्री डान्सचा, तेव्हाचा नियम साधा होता. नाच ४ मिनिटांचा हवा. १० सेकंद इकडे किंवा तिकडे चालतील. म्हणजे कमाल मर्यादा ४ मिनिटं १० सेकंद. राव्हेलची १९२८ सालची मूळ रचना चांगली पंधरा-सतरा मिनिटं चालते. बरं, ती कापायची तरी कुठून? बोलेरोत एकच ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतो, त्याच दोन चाली वाद्यं बदलत फिरत राहतात आणि आवाज कणाकणाने चढत जातो. तिला सांधेच नाहीत. मधला तुकडा उडवला की चढण तुटते आणि चढण तुटली की बोलेरोत उरतं काय? डीन आणि टॉर्व्हिल यांच्यासाठी त्या रचनेची काटछाट करून झाली, तेव्हा गाडी ४ मिनिटं २८ सेकंदांवर येऊन अडली. त्याखाली उतरायला तयार नव्हती.

एकांकिका स्पर्धा ज्यांनी केल्या आहेत त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. विंगेत घड्याळ घेऊन उभा राहिलेला तो निर्विकार माणूस, "अजून दीड मिनिट कापा" म्हणणारा दिग्दर्शक आणि आपलंच सगळ्यात चांगलं वाक्य उडालेलं पाहणारा नट. तिथे बहुतेक जण संवाद कापतात. डीन यांनी नियमाचं पुस्तक पुन्हा वाचलं. घड्याळ केव्हा सुरू होतं? स्केटरचं पातं बर्फाला लागून स्केटिंग सुरू होतं तेव्हा. गुडघे म्हणजे काही पातं नव्हे. मग पहिले १८ सेकंद गुडघ्यांवर काढले तर?

४ मिनिटं २८ सेकंदांतून १८ वजा करा. ४ मिनिटं १० सेकंद, बरोबर काठावर.

हा हिशेब ज्याला सुचला तो मुळात पोलीस होता, हे कळल्यावर मला हसू आलं आणि मग त्यात नवल नाही असंही वाटलं. कलम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे वाचायची सवय त्या नोकरीत लागतेच.

पोलीस आणि विम्याची क्लार्क

ख्रिस्तोफर डीन यांचा जन्म २७ जुलै १९५८चा. गाव काल्व्हर्टन, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळचं कोळशाच्या खाणींचं गाव. दहाव्या वर्षी सावत्र आईने नाताळला स्केट्स भेट दिले आणि पोराला बर्फाचं वेड लागलं. जेन टॉर्व्हिल त्यांच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठ्या. त्यांच्या आईवडलांचं वर्तमानपत्रांचं दुकान होतं. शाळेच्या सहलीबरोबर त्या पहिल्यांदा रिंकवर गेल्या. दोघांची सुरुवात वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर झाली आणि दोघांचे जोडीदार सुटले. १९७५ साली नॉटिंगहॅमच्या रिंकवर जॅनेट सॉब्रिज या प्रशिक्षिकेने या दोन लाजाळू मुलांना एकत्र उभं केलं.

डीन तोवर पोलीस दलात कॅडेट म्हणून लागले होते, पुढे कॉन्स्टेबल झाले. टॉर्व्हिल विमा कंपनीत क्लार्क होत्या. पोलिसाच्या पाळ्या बदलत्या, क्लार्कची वेळ ठरलेली आणि रिंकवर दिवसभर तिकीट काढून आलेली पोरंटोरं. मग सराव कधी? रिंक रिकामा मिळेल तेव्हा, रात्री उशिरा किंवा उजाडायच्या आत. १९८०च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये ही जोडी पाचवी आली. ते वर्ष दोघांनी नोकऱ्या सोडल्याचं. पाचव्या नंबरावर सरकारी नोकरी सोडायची, तीही बर्फावर नाचण्यासाठी! आपल्याकडे असतं तर घरी महाभारत झालं असतं. नॉटिंगहॅमच्या नगर परिषदेने मात्र त्यांच्या सरावासाठी ४२,००० पौंडांचं अनुदान दिलं. एखाद्या शहराने आपल्याच दोन मुलांवर लावलेल्या इतक्या फळलेल्या पैजा फार नसतील. आज तिथल्या नॅशनल आइस सेंटरसमोरच्या चौकाचं नाव 'बोलेरो स्क्वेअर' आहे.

बेट्टी कॅलवे या प्रशिक्षिका १९७८पासून त्यांच्याबरोबर होत्या. १९८१ साली दोघं युरोपचे आणि जगाचे विजेते झाले. जागतिक विजेतेपद सलग चार वर्षं, १९८१ ते १९८४, त्यांच्याकडेच राहिलं.

नाही, नाही आणि नाही

भाचीला मी रोलर आणि आइस यांतला फरक विचारला. "चाकं गोल फिरतात, पातं फिरत नाही," ती म्हणाली. बरोबरच आहे. पण पात्याची खरी गंमत त्याच्या तळाशी असते. साधारण ४ मिलिमीटर जाडीच्या त्या पोलादी पट्टीच्या तळाला मधोमध एक उथळ खोबण कोरलेली असते, त्यामुळे पात्याला दोन कडा मिळतात, एक आतली आणि एक बाहेरची. स्केटर उभा असतो तो यांपैकी एका कडेवर, कललेला. कडेवर कललं की वाट आपोआप वळते. म्हणजे बर्फावरचा सगळा प्रवास वळणावळणाचा. आता दोन माणसं एकमेकांना बिलगून, वेगात, वळणांवर कडा बदलत चालली आहेत आणि दोघांचे गुडघे एकाच क्षणी एकाच मापाने वाकायला हवेत, अशी कल्पना करा. एकाची कड अर्धा क्षण उशिरा बदलली तर दोघंही आडवे.

आइस डान्स म्हणतात तो हा. 'पेअर्स' हा प्रकार निराळा. तिथे पुरुष बाईला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो, दोघं उड्या मारतात. आइस डान्सचं मूळ बॉलरूममध्ये. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट बर्फावर नेले की झाला आइस डान्स. त्यामुळे त्याचं नियमपुस्तक नकारांनी भरलेलं. डोक्यावर उचलायचं नाही. मोठ्या उड्या मारायच्या नाहीत. एकमेकांपासून फार काळ, फार लांब जायचं नाही. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार आला १९७६ साली. त्या वर्षीचं आणि १९८०चं सुवर्ण सोव्हिएत जोड्यांनी नेलं. त्या काळातला फ्री डान्स म्हणजे तीन-चार निरनिराळ्या गाण्यांचे तुकडे एकापुढे एक जोडलेले. जलद, संथ, पुन्हा जलद. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असतात तसे. स्केटर काय काय करू शकतो याचं ते प्रदर्शन असे, कथा नसे.

डीन यांनी पहिला घाव घातला तो या तुकड्यांवर. १९८२ साली 'मॅक अँड मेबल' या म्युझिकलच्या संगीतावर त्यांनी अख्खा नाच बसवला. एकच कलाकृती, तिच्यातली दोन माणसं. १९८३ साली आलं 'बार्नम'. सर्कशीचा तंबू, दोरीवरची कसरत, विदूषक, आणि हे सगळं चार मिनिटांत, हातात एकही वस्तू न घेता. लंडनच्या रंगभूमीवर 'बार्नम'ची मुख्य भूमिका करणारे नट मायकेल क्रॉफर्ड यांनी त्यात लक्ष घातलं. या खेळात नट येऊन स्केटरला अभिनय शिकवतो, ही गोष्टच तेव्हा नवी होती.

पण डीन यांची कोरिओग्राफर म्हणून खरी ताकद मला दिसते ती १९८४च्याच 'पासो दोब्ले'त. फ्री डान्सच्या आधी एक वेगळी फेरी असे. तिथे त्या मोसमासाठी नाचाचा प्रकार ठरवून दिलेला असे आणि बसवलेली रचना रिंकभर तशीच्या तशी पुन्हा पुन्हा करून दाखवावी लागे. म्हणजे मोकळीक आणखी कमी. त्या वर्षीचा ठरलेला प्रकार होता पासो दोब्ले, स्पेनच्या बैलझुंजीच्या वातावरणातला नाच. संगीत घेतलं रिम्स्की-कोर्साकोव्हचं 'काप्रिचिओ एस्पान्योल'. आता या नाचात पुरुष म्हणजे बैलाशी झुंजणारा मातादोर, हे ठरलेलंच. मग बाई कोण? बैल? की वाट पाहणारी प्रेयसी? डीन यांनी टॉर्व्हिल यांना मातादोरच्या हातातलं कापड केलं.

हे चित्रण संथ करून पाहावं. टॉर्व्हिल यांचा चेहरा जवळजवळ कोरा. कापडाला चेहरा कुठला? डीन तिला खांद्यावरून फिरवतात, कमरेभोवती ओढतात, झटकतात, आणि तिचं शरीर दर वेळी अर्धा क्षण मागून येतं, जड कापड हाताच्या मागून येतं तसंच. नाचात उशीर झाला तर गुण जातात. इथे तो उशीर मोजून मापून घातलेला आहे. आणि तो घालता येतो कारण खाली तिची कड एक क्षणही चुकत नाही. शेवटी मातादोर कापड जमिनीवर फेकून देतो. टॉर्व्हिल बर्फावर पसरलेल्या, संगीत संपलेलं. कापडाला ना आनंद ना दुःख.

भाचीने पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "पण त्याच्यापेक्षा हिचंच काम अवघड आहे." नाच बसवण्याचं श्रेय बहुतेक वेळा डीन यांच्या नावे जातं. मात्र दर कल्पना आधी टॉर्व्हिल यांच्या अंगावरून जाऊन बाहेर आली, हे दहा वर्षांच्या पोरीलाही दिसतं. कल्पनेच्या मागे लागणारा अस्वस्थ माणूस एक, आणि ती कल्पना शरीराला पेलते का हे शांतपणे सांगणारी दुसरी. त्यांची जोडी इतकी वर्षं टिकली याचं मर्म मला यात दिसतं. त्यांचं लग्न व्हावं अशी अर्ध्या ब्रिटनची इच्छा होती. ते झालं नाही. दोघांनी आपापले संसार वेगळे मांडले आणि नाच एकत्र केला.

व्हॅलेंटाइनच्या दिवशी

१४ फेब्रुवारीच्या सकाळी सारायेव्होच्या झेत्रा स्टेडियममध्ये दोघं सरावाला उतरली तेव्हा प्रेक्षागृह रिकामं होतं, झाडलोट चालू होती. नाच संपला तर झाडू बाजूला ठेवून सफाई कामगार टाळ्या वाजवत होते, अशी आठवण दोघं सांगतात. संध्याकाळच्या परीक्षकांआधी आलेला हा निकाल.

बोलेरोची त्यांनी योजलेली गोष्ट थोडक्यात अशी: एकत्र राहू न शकणारे दोन प्रेमिक ज्वालामुखीचा डोंगर चढतात आणि शेवटी त्यात स्वतःला झोकून देतात. ती गोष्ट माहीत नसली तरी काही बिघडत नाही, कारण ती चढण संगीतातच आहे. कपडे कोर्टनी जोन्स यांनी आखले होते. ते स्वतः आइस डान्सचे चार वेळचे जागतिक विजेते, पुढे वेशभूषेकडे वळलेले. पात्याचं वळण कापडावर कसं दिसतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

नाच पुढे सरकतो तशी एक गोष्ट लक्षात येते. टाळी घेण्यासाठी थांबायची जागाच त्यात ठेवलेली नाही. इतर जोड्या एक करामत करतात, हात वर करतात, पुढची करामत करतात. इथे प्रत्येक उचल पुढच्या वळणात वितळते. शेवटी दोघं झेपावतात आणि बर्फावर निश्चल पडतात. मग फुलांचा पाऊस आणि गुणफलक.

तेव्हाची गुणपद्धत ६ पैकी. ९ परीक्षक, प्रत्येकाचे दोन आकडे, एक तंत्रासाठी आणि एक कलात्मक प्रभावासाठी. त्या रात्री कलात्मकतेच्या रकान्यात ९ पैकी ९ परीक्षकांनी ६.० लिहिलं, तंत्राचे आणखी ३ धरून एकूण १२. ब्रिटनमध्ये जवळपास २ कोटी ४० लाख लोक टीव्हीपुढे होते. पुढच्याच महिन्यात ओटावाच्या जागतिक स्पर्धेत दोघांनी सगळ्या फेऱ्या मिळून ६.०चे २९ आकडे मिळवले आणि मग व्यावसायिक झाले. व्यावसायिक स्केटरला तेव्हा ऑलिंपिकचं दार बंद असे.

दुसऱ्यांच्या शरीरावर

स्वतःसाठी नाच बसवणारा स्केटर आणि कोरिओग्राफर यांत एक मोठा फरक असतो. स्वतःचं शरीर आपल्याला माहीत असतं. दुसऱ्याचं वाचावं लागतं.

फ्रान्सकडून खेळणारी, कॅनडात वाढलेली इझाबेल आणि पॉल द्युशेने ही जोडी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डीन यांच्याकडे आली. त्यांची अडचण नियमपुस्तकाबाहेरची होती. दोघं सख्खी बहीणभाऊ. आइस डान्स म्हणजे प्रेमाचा नाच, परीक्षकांची नजरही त्यालाच सरावलेली. बहीणभावाने एकमेकांच्या डोळ्यांत काय म्हणून पाहायचं?

डीन यांनी प्रेम बाजूलाच ठेवलं. १९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकसाठी त्यांनी 'सॅव्हेज राइट्स' बसवलं. ढोलांचा आदिम ठेका, बॉलरूमचा मागमूस नाही. प्रेक्षक खूश, परीक्षक गोंधळलेले. जोडी आठवी आली. मग आलं 'मिसिंग'. लॅटिन अमेरिकेतल्या हुकूमशाहीत बेपत्ता केलेल्या माणसांवरचा नाच, अँडीजच्या पाव्यांच्या सुरांवर. इथे बहीणभाऊ असणं अडचण राहिलंच नाही, तोच विषय झाला. घरातलं माणूस हरवलंय, त्याला शोधणारं घरातलंच माणूस. १९९०च्या जागतिक स्पर्धेत या जोडीला रौप्य मिळालं. पुढच्या वर्षी म्युनिकमध्ये 'मिसिंग'च्या पुढच्या भागावर द्युशेने भावंडं जगज्जेती झाली.

१९९२च्या अल्बर्टव्हिल ऑलिंपिकसाठी डीन यांनी 'वेस्ट साइड स्टोरी' निवडली. कुणीही म्हणेल, ही तर प्रेमकथा! खरंय, पण त्या कथेतल्या मारियाला बर्नार्डो नावाचा भाऊ आहे. डीन यांनी नायकाला वगळून बहीणभावाला उचललं. गाजलेल्या गोष्टीत सगळे दारातून शिरतात, हा माणूस खिडकी शोधतो. सुवर्णपदक मात्र क्लिमोवा आणि पोनोमारेंको या जोडीकडे गेलं. ही तीच जोडी, जिने सारायेव्होत कांस्य आणि कॅलगरीत रौप्य घेतलं होतं. द्युशेने भावंडांना रौप्य. या सगळ्यात डीन आणि इझाबेल यांचं १९९१ साली लग्न झालं आणि दोनच वर्षांत मोडलं.

चोरवाटा बुजतात तेव्हा

डीन यांनी दाखवलेल्या वाटेने सगळेच निघाले. कथा, नाट्य, रडणं, मरणं. बर्फावर नाच कमी आणि नाटक जास्त व्हायला लागलं तेव्हा आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने १९९२नंतर लगाम खेचला. संगीत नाचण्याजोगं हवं, ठेका ऐकू यायला हवा, बॉलरूमचं नातं दिसायला हवं.

आणि त्याच सुमाराला युनियनने व्यावसायिक स्केटरना परतण्याची वाट उघडली. १९९४च्या लिलेहामर ऑलिंपिकसाठी परत आलेल्यांत होते टॉर्व्हिल आणि डीन. वय अनुक्रमे ३६ आणि ३५. ज्यांच्यामुळे नियम सैलावले आणि मग घट्ट झाले, तेच आता त्या घट्ट नियमांत नाचणार होते. 'बॉलरूम हवंय ना, घ्या' असं म्हणावं तसं त्यांनी आयर्विंग बर्लिनचं 'लेट्स फेस द म्युझिक अँड डान्स' निवडलं. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या १९३६च्या चित्रपटातलं गाणं. जानेवारीत कोपनहेगनला युरोपचं विजेतेपद मिळालं, पण निसटतं. परीक्षकांचा कल ओळखून दोघांनी चार-पाच आठवड्यांत नाचाचा बराच भाग नव्याने बसवला. अखेरच्या क्षणी टॉर्व्हिल डीन यांच्या पाठीवरून कोलांटत पलीकडे उतरतात. प्रेक्षक उभे राहिले. ती हालचाल नियमात बसते का, यावर वाद पेटला. गुणफलकाने कांस्य दाखवलं. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही रशियन जोड्यांना.

ब्रिटनमध्ये अन्याय झाल्याची आरोळी उठली. मला तो निकाल इतका सरळ अन्यायाचा वाटत नाही. नियमाच्या काठावर उभं राहणाऱ्याने कधीतरी काठाबाहेर ठरण्याची तयारी ठेवावी लागते. १९८४ साली तो काठ त्यांच्या बाजूने होता, दहा वर्षांनी नव्हता.

पुढे या खेळाची मोजपट्टीच बदलली. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या गुणांच्या घोटाळ्यानंतर ६.०ची पद्धत गेली. आता प्रत्येक उचलीला, प्रत्येक गिरकीला पातळी आणि तिचे गुण. कोरिओग्राफरच्या वहीत पावलांशेजारी आकडे आले. तरी वाट काढणारे काढतात. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये एका फेरीचा विषय लोकनृत्य होता. तिथे मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीने 'कजरा रे' आणि 'डोला रे'वर नाच केला आणि शेवटी रौप्य नेलं. त्यांच्या प्रशिक्षक आणि कोरिओग्राफर मरिना झुएवा याही एके काळच्या सोव्हिएत आइस डान्सर. परीक्षकांच्या रकान्यात 'लोकनृत्य' भरायचं तर ते मुंबईच्या सिनेमातूनही भरता येतं, हे त्यांनी हेरलं. भाचीने हे चित्रण पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा ताबा सुटला; ती लॅपटॉपसमोर नाचायला लागली.

एका कडेवर उभा राहणारा माणूस

कोरिओग्राफर डीन यांचं काम मात्र ऑलिंपिकपुरतं राहिलं नाही. १९९६ साली त्यांनी इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी 'एन्काउंटर्स' बसवलं. पात्याची घसरण हातात नसताना, साध्या फरशीवर. आणि २००६पासून ब्रिटनच्या आयटीव्हीवर 'डान्सिंग ऑन आइस' सुरू झालं. नट, खेळाडू, निवेदक असे नामवंत लोक, ज्यांनी आयुष्यात बर्फावर पाय ठेवला नाही, त्यांना काही आठवड्यांत नाचवायचं. टॉर्व्हिल आणि डीन त्यांना शिकवत, पुढे २०१८पासून परीक्षक म्हणून बसले.

पंडितांनी याला करमणूक म्हणून नाक मुरडलं. मला त्यात डीन यांची जुनीच विद्या दिसते. धडपणे उभंही न राहू शकणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला कुठल्या एका कडेवर थोडा वेळ तोल सांभाळता येतो? तो क्षण नाचात कुठे बसवला तर लोकांना पुढचं अडखळणं दिसणार नाही? राव्हेलचे १८ सेकंद, द्युशेने भावंडांचं नातं आणि या गृहस्थाची एक कड, हे एकाच जातीचे प्रश्न आहेत. जे करता येत नाही त्याची यादी आधी नीट वाचायची. उरलेल्या फटीत नाच असतो.

पुन्हा गुडघे

सारायेव्होचं झेत्रा स्टेडियम १९९२ साली सुरू झालेल्या युद्धात तोफांनी उद्ध्वस्त झालं. शेजारच्या मैदानात कबरी खणल्या गेल्या. प्रेक्षकांच्या बाकांचं लाकूड शवपेट्यांसाठी वापरल्याचं त्या काळच्या वार्तांकनात आहे. जिथे सफाई कामगारांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्या शहरावर वर्षानुवर्षं वेढा होता. १९९९ साली ते स्टेडियम पुन्हा उभं राहिलं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये, ३० वर्षांनी, टॉर्व्हिल आणि डीन तिथे परत गेले. वयं ५६ आणि ५५. उचली थोड्या सोप्या केलेल्या, वेग थोडा उतरलेला. पुढे २०२४ साली बोलेरोच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने याच शहरात त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि २०२५च्या निरोपाच्या दौऱ्यानंतर बर्फाला रामराम केला.

२०१४चं चित्रण मी भाचीला सगळ्यात शेवटी दाखवलं. आधी तिला एक नवीन माहिती दिली. आजच्या नियमानुसार घड्याळ पातं बर्फाला लागल्यावर नव्हे, तर स्केटर हलायला लागल्या क्षणीच सुरू होतं. म्हणजे ती फट आता बुजवली आहे. आज कुणी गुडघ्यांवर बसून डुलायला लागलं तर सेकंद मोजले जाणार.

"मग आता कुणी असं बसत नसेल," ती म्हणाली.

पडद्यावर झेत्रातला बर्फ. या वेळी परीक्षक नव्हते, गुणफलक नव्हता, घड्याळ लावून बसलेलं कुणी नव्हतं. राव्हेलची अख्खी सतरा मिनिटं वाजवली असती तरी कुणी हरकत घेतली नसती. दोघं मधोमध आली, समोरासमोर झाली आणि पंचावन्न-छप्पन्न वर्षांचे ते चार गुडघे सावकाश बर्फावर टेकले.

मी सवयीने मोबाइल उचलला होता. भाचीने तो माझ्या हातातून काढून घेतला.